शंभर टक्के हजेरी

वाघोडी, ता. हिंगणघाट
१८ नोव्हेंबर १९५६

ती. इंदूताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. लांबून ठेवतो, म्हणजे कान धरायची सोय तुला राहात नाही.

अल्लीपूरहून बैलगाडीनं दोन तास हाडं खिळखिळी करून घेतली की वाघोडी येते. जिल्हा लोकोद्योग मंडळाचा संघटक म्हणून इथं बेकारांना अक्षर आणि हुन्नर, दोन्ही शिकवायला मला धाडलं आहे. या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून राज्यच बदललं. महिन्यापूर्वी आम्ही मध्य प्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आहोत. जुने छापील कागद संपेपर्यंत आम्ही नक्की कुणाचे हे कचेरीलाही ठाऊक नाही. किसनराव मास्तरांकडे पुढची खोली मिळाली आहे. नवराबायको दोघंच, मूलबाळ नाही, त्यामुळे घर शांत आहे. बाकी गाव म्हणजे शेण, धूळ आणि रूपराव पाटील. शिक्षणाचं नाव काढलं की पाटील म्हणतात, "शिकून कोनाचं भलं झालं, गुरुजी? तुमचंच पाहा, आले ना वाघोडीले." यावर सगळी पडवी हसते. मीही हसतो. सरकारी माणसानं हसावं लागतं.

आता माझे विद्यार्थी. गावाबाहेरच्या वस्तीत तीस धडधाकट पुरुष दसऱ्यापासून रिकामे बसले आहेत. पाटलांना कारण विचारलं तर एकच शब्द, "माजले." त्यांना विचारलं तर, "काम देत नाई कोनी." दोन्हीकडून काही उलगडत नाही, पण बेकारी आहे एवढं खरं, आणि बेकारी आहे म्हणून मी आहे.

त्यांचा पुढारी नानाजी थूल. पस्तिशीचा, चौथी झालेला, बोलताना डोळे खाली न घालणारा. मी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच त्यानं अर्ज आणून दिला. आम्हा तीस जणांना गवंडीकाम शिकवावं. आसपास शाळाखोल्या, विहिरी बांधायची कामं निघाली आहेत आणि गवंडी हिंगणघाटहून आणावे लागतात, असं कारणही जोडलं होतं. ताई, गवंडी! ज्यांच्या स्वतःच्या घरांना कुडाच्या भिंती, ते सरकारच्या विटा रचणार. मी अर्ज ठेवून घेतला आणि मंडळाकडे मागणी पाठवली ती मेलेल्या जनावरांचं कातडं शास्त्रीय रीतीनं सोलण्याच्या वर्गाची. धंदा त्यांच्या रक्तातला. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही. मार्चअखेर तीस उमेदवार तयार करून दाखवले की माझी नेमणूक कायम होते. तिसाचे एकोणतीस झाले तर मी पुन्हा तुझ्या ओसरीवर.

मागणी परवा मंजूर झाली. आहे की नाही तुझा भाऊ हुशार?

तुझा
अच्युत


नागपूर
२ डिसेंबर १९५६

प्रिय अच्युत,

आशीर्वाद पाठवते. अक्कल पाठवता आली असती तर तीही पाकिटात घातली असती, चार आणे जास्तीचे लागले तरी.

माशाच्या पिलाला शिकवावं लागत नाही म्हणतोस, मग सरकार तुला पगार कसला देतं?

दसऱ्याला तू माझ्याच घरी होतास. स्टेशनापासून रस्ता भरून माणसं चालली होती. पांढरं लुगडं, पांढरं धोतर, कडेवर पोर, फडक्यात भाकरी. मी दारात उभी राहून तासभर बघत होते. शाळेत पंचवीस वर्षं मुलींना रांगेत चालायला शिकवते आहे, पण अशी रांग पाहिली नव्हती. तू श्रीखंडावर आडवा झाला होतास. उठवलं तर म्हणालास, "कसली गर्दी? निवडणूक आहे का?" आणि कूस बदललीस. त्या रांगेत तुझे तीस जण असणार, अच्युत. आता ते बौद्ध आहेत. परत जाताना त्यांनी बरंच काही सोडलं, त्यात गावची मेलेली ढोरं ओढणंही सोडलं. पाटलानं म्हणून त्यांना शेतावर घेणं बंद केलं. दसऱ्यापासून तीस माणसं का रिकामी आहेत, हे मला नागपुरात चुलीपुढं बसून कळतं आणि तुला त्यांच्या दारात उभं राहून कळत नाही!

म्हणजे त्यांनी जे काम स्वतःच्या पोटावर पाय देऊन सोडलं तेच तू त्यांना सरकारी खर्चानं शिकवणार. वर हुशार का म्हणून विचारतोस.

आणि तुला तरी ते कुठं येतं? सेवाग्रामच्या बाजूला कसल्याशा शिबिरात तीन आठवडे तू हे शिकलास, तेव्हाचं तुझं पत्र मला आठवतं. "सोलणी चालू असताना वारा कुठून येतो ते बघून जागा धरावी लागते," असं तू लिहिलं होतंस. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. तुला मी वाढवलं, म्हणून थोडी लाज माझ्याही वाट्याला येते. मंडळाला लिहून वर्ग बदलून घे.

इंदूताई


वाघोडी
२३ डिसेंबर १९५६

ती. ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शिव्या वगळून वाचलं, मग लहान झालं.

भावना ठीक आहेत, पण अर्थशास्त्र म्हणून काही आहे. या तालुक्यात वर्षाला शेकड्यानं जनावरं मरतात आणि कातडं कुजून जातं. कोणतंही काम हलकं नसतं. आपल्या जिल्ह्यात चांगल्या घरच्या पदवीधर मुलांनी हे काम हौसेनं केलेलं आहे. मग यांनाच कसली एवढी प्रतिष्ठा आली? या महिन्यात त्यांच्यावर दुःखाचा प्रसंग आला, बाबासाहेब गेले. मी आठ दिवस वर्ग बंद ठेवला. सहानुभूती माझ्याकडेही आहे. पण नवव्या दिवशी काम सुरू व्हायलाच हवं.

सुरू झालं ते असं. दुपारी तीनला तीसच्या तीस जण पाट्या घेऊन येतात. बायका दाराबाहेर बसून ऐकतात. अक्षरं अशी गिरवतात की पाटीला भोक पडावं. तासाभरानं मी तक्ता टांगतो. मंडळाकडून सुंदर रंगीत तक्ता आला आहे. गाय काढलेली, आणि सुरी कुठून कुठं न्यायची त्या तुटक रेघा. तक्ता खिळ्याला लागला रे लागला की सगळे उठतात. भांडण नाही, आवाज नाही. पाट्या काखेत घेतात आणि जातात. मी आणि गाय, दोघंच उरतो.

परवा मी नानाजीला दारात अडवलं. त्यांच्याच बोलीत विचारलं, म्हणजे जवळीक वाटते.

"नानाजी, काऊन उठून राह्यले बा रोज?"

"गुरुजी, हे काम आमच्या रक्तात हाये म्हनता ना तुमी?"

"मग? आहेच."

"मंग शिकवाले काऊन आले?"

मी त्याला उद्धटपणा बंद करायला सांगितलं. हेच तूही लिहिलं होतंस, हा योगायोग मला आवडला नाही. पुढं तो म्हणाला, "सोडाले पिढ्या लागल्या, गुरुजी. तुमी चार महिन्यांत परत लावून राह्यले. गवंड्याचं काय झालं ते सांगा." मी म्हटलं, अर्ज विचाराधीन आहे. तो अर्ज माझ्या उशाखाली आहे, उशी बुटकी म्हणून.

पालथ्या घड्यावर पाणी. पण हजेरी वहीत तीस नावं रोज लागतात, ते महत्त्वाचं.

तुझा
अच्युत


नागपूर
४ जानेवारी १९५७

अच्युत,

थोडक्यात लिहिते, कारण मुलींचे सहामाहीचे पेपर तपासते आहे आणि त्यांच्यात तुझ्यापेक्षा बरी उत्तरं आहेत.

माझ्या शाळेतल्या सुमतीबाईंचे यजमान तुझ्या मंडळाच्या वरच्या कचेरीत आहेत. त्यांना विचारून घेतलं. वर्गाचा विषय मार्चअखेरपर्यंत एका अर्जानं बदलता येतो. अर्ज एका पानाचा आहे. कोरा फॉर्म सोबत जोडला आहे. जिथं "कारण" लिहिलं आहे तिथं खरं कारण लिही. "मी उमेदवारांना विचारलं नव्हतं." पाच शब्द सुद्धा होत नाहीत.

उशाखालचा अर्ज काढ. उशी बुटकी असेल तर डोक्याखाली हात घे, रिकामेच आहेत.

इंदूताई


वाघोडी
११ फेब्रुवारी १९५७

ती. ताई,

तुझा फॉर्म मिळाला. त्याची आता गरज नाही. तुझा भाऊ जिंकला.

रूपराव पाटलांचा एक बैल पोट फुगून मेला आणि गावाबाहेर पांदणीच्या वाटेवर दोन दिवस पडून राहिला. वस्तीतलं कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटील नाकाला शेला लावून माझ्याकडे आले. "गुरुजी, तुमचा वर्ग कोनासाठी हाये? घ्या हा बैल. शिकवा." मला आणखी काय हवं होतं? दोन महिने तक्ता दाखवला, आता प्रत्यक्ष वस्तू. मी वर्गात जाहीर केलं, उद्या सकाळी पांदणीत प्रात्यक्षिक, सुरी मी स्वतः धरणार, कमीपणा कशातही नाही हे मी दाखवणार.

ताई, सगळे आले! हजेरी शंभर टक्के. बायकाही आल्या. नानाजीची म्हातारी आईसुद्धा काठी टेकत आली. वही मी मुद्दाम सोबत नेली होती, तिथल्या तिथं खुणा केल्या.

काम उत्तम झालं. सर्वांनी अगदी लक्ष देऊन पाहिलं, एक शब्द कोणी बोललं नाही. मंडळाला अहवाल गेला आहे. वरिष्ठ खूश होतील.

किसनराव मास्तरांची मुलगी बाळंतपणाला येते आहे, म्हणून मी खोली सोडून शाळेच्या पडवीत मुक्काम हलवला आहे. हवा छान आहे. अक्षर वेडंवाकडं आलं असेल, टाक बिघडला आहे. जमलं तर निलगिरी तेलाची बाटली आणि दोन साबण पाठव.

तुझा
अच्युत


वाघोडी
२० फेब्रुवारी १९५७

मा. इंदिराबाई यांस,
वाघोडीहून नानाजी थूल याचा जयभीम.

आपली ओळख नाही. आपले बंधू अच्युतराव गुरुजी सहा दिवस तापानं पडले होते. ताप चढला तेव्हा त्यांनी आपला पत्ता सांगून "ताईला लिही" म्हटलं. ताप उतरला तेव्हा "लिहू नको" म्हटलं. मी पहिलं बोलणं खरं धरून लिहीत आहे. आता त्यांची तब्येत बरी आहे, काळजी करू नये.

हाताची जखम भरत आली आहे. त्यांनी आपल्याला कळवलं नसेल म्हणून सांगतो. बैल मरून तीन दिवस झाले होते. गुरुजींनी तक्त्याप्रमाणं सुरी पोटाकडून घातली. पोट फुगलेलं होतं. पुढचं आपण समजून घ्यावं. माझी आई जिजाबाई दहा हात लांब उभी होती. तिनं हे काम जन्मभर पाहिलं आहे. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "बापू, गळ्यापासून चाल. पोटाले हात नको लावू." तेव्हा उशीर झाला होता. त्यांना ओकारी आली, सुरी निसटून डाव्या तळव्यात गेली. आम्ही कोणी पुढं झालो नाही. आमचं आदल्या दिवशी ठरलं होतं. सगळ्यांनी जायचं, हसायचं नाही, हात लावायचा नाही. माणूस पडला तर उचलायचा की नाही, हे ठरवायचं राहिलं होतं. मी उचललं.

बैल शेवटी पाटलाच्या सालदारांनी दोन जोड्या जुंपून नाल्यात ओढला. बैल ओढायला आम्हीच लागतो असं नाही, हे गावालाही त्या दिवशी कळलं.

मेलेल्या ढोराला हात लावला म्हणून त्याच दुपारी किसनराव मास्तरांनी गुरुजींची पेटी अंगणात ठेवली. विहिरीवर त्यांची बादली कोणी लावू दिली नाही. हे आम्हाला नवीन नाही, त्यांना होतं. तीन दिवस ते शाळेच्या पडवीत पाण्यावाचून बसले. चौथ्या दिवशी ताप भरला तेव्हा माझी बायको तानाबाई पाणी घेऊन गेली. त्यांनी विचारलं, "कुठल्या विहिरीचं?" ती म्हणाली, "आमच्या." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि प्याले. पुढचे दिवस पेज, पाणी सगळं आमच्याकडून गेलं. उपकार म्हणून लिहीत नाही. आपण विचाराल म्हणून लिहितो.

एक विनंती आहे. विषय बदलायचा कागद आपण पाठवला आहे असं ते तापात बोलले. मार्च संपायला अवकाश आहे. हिंगणघाटचा एक गवंडी महिनाभर इथं राहून शिकवायला तयार आहे, आम्ही बोलून ठेवलं आहे. शेतावर आम्हाला घेत नाहीत. या उन्हाळ्यात हाताला काम लागलं नाही तर वस्ती उठेल. गुरुजी आपलं ऐकतील असं वाटतं.

आपला
नानाजी थूल


नागपूर
२४ फेब्रुवारी १९५७

प्रिय अच्युत,

नानाजीचं पत्र आलं. मी आधी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. तीन दिवस तू तहानलेला बसलास आणि मला लिहितोस, हवा छान आहे! किसनरावांची मुलगी बाळंतपणाला आली म्हणे. पहिल्या पत्रात त्यांना मूलबाळ नाही म्हणून तूच लिहिलं होतंस. खोटं बोलायलाही थोडी आठवण लागते.

साबण आणि निलगिरी पाठवते आहे. तानाबाईंसाठी लुगडं पाठवणार होते, पण मग वाटलं की पाण्याची किंमत केल्यासारखं होईल. त्यांना माझा नमस्कार सांग. तू केलास का नमस्कार?

तुला मी आजवर खूप बोलले आहे, आज बोलत नाही. विहिरीवर बादली लावू न देणं म्हणजे काय, ते तुला तीन दिवस कळलं. त्यांनी हे जन्मभर सोसलं, त्यांच्या आईबापांनी सोसलं, आणि त्यातून निघायला ते एक धंदा मागताहेत. आता तरी कळलं असेल. न कळण्याइतका तू मूर्ख नाहीस, असं मी लोकांना सांगत आले आहे. मला खोटं पाडू नकोस.

फॉर्म भर. आजच भर. नोकरी कायम झाली नाही तर नाही. माझ्याकडे ये, मी तुला पोसेन.

इंदूताई


हिंगणघाट
६ एप्रिल १९५७

ती. ताई,

पेढे घे. नेमणूक कायम झाली आणि बदलीही झाली. हिंगणघाटात स्टेशनजवळ चांगली खोली आहे, नळ आहे. वाघोडी सुटली.

फॉर्म भरला नाही. रागावू नकोस, नीट वाच. फेब्रुवारीअखेर विषय बदलला असता तर वरून विचारणा झाली असती की चार महिने तुम्ही काय केलंत? मग सगळंच उकरलं गेलं असतं. त्यापेक्षा मी सर्वांच्या हिताचा मार्ग काढला. हजेरीवहीत तीस नावं रोज लागलेलीच होती. ती अक्षरवर्गाची होती हे खरं, पण मी ती कातडीवर्गाची म्हणून धरली. यात खोटं काय? माणसं तीच, खोली तीच, आणि तक्ता भिंतीवर होताच. प्रात्यक्षिकाला शंभर टक्के हजेरी, याचं तर नानाजीच्या हातचं साक्षीपत्रच तुझ्याकडे आहे. मी तीसही जणांना उत्तीर्ण केलं. ज्यांनी सुरीला बोट लावलं नाही त्यांनाही. दुसरा कोणी असता तर सगळ्यांना नापास करून मोकळा झाला असता. मी सूड घेतला नाही, एवढं तरी कबूल कर.

प्रमाणपत्रं घ्यायला एकही आला नाही, म्हणून टपालानं पाठवली. तीस जणांची यादी नागपूरच्या नोकरी लावून देणाऱ्या कचेरीकडेही रवाना केली. आता सरकारदरबारी ते तयार कारागीर आहेत. पुढं त्यांचं नशीब. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

नानाजीनं तुला फार रंगवून लिहिलेलं दिसतं. या लोकांना थोडं लिहायला आलं की असं होतं. पाण्याचं म्हणशील तर तापात माणूस काय पितो ते त्याला कळत नसतं. ते तू कोणाला सांगू नकोस. माझ्या लग्नाचं बोलणं कुठं निघालंच तर उगाच अडचण नको.

तुझा
अच्युत


नागपूर
२७ जून १९५७

अच्युत,

एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही. आज देते.

रविवारी नानाजी थूल माझ्याकडे आला होता. वस्तीतली अकरा घरं उठली. तो आणि तुझ्या तीसातले आणखी चौघं इथं एका इमारतीवर विटा वाहतात. तिथला गवंडी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या हाती थापी देतो, त्यामुळे काम थोडं थोडं येऊ लागलं आहे. सरकारी बांधकामावर घेतलं तर पगार मिळतो आणि कामही रीतसर शिकवतात, पण त्याला नोकरीच्या कचेरीची चिठ्ठी लागते. म्हणून तो नाव नोंदवायला गेला.

तिथल्या कारकुनानं नवीन नाव लिहायची गरजच नाही म्हणून सांगितलं. नाव आधीच होतं. नानाजी चिंधू थूल, मेलेल्या जनावराचं कातडं सोलणे, प्रशिक्षित, उत्तीर्ण. नानाजी म्हणाला, मी हे शिकलोच नाही. कारकून म्हणाला, "सरकारी शिक्का खोटा आहे का?" शहरात मेलेली ढोरं उचलणाऱ्या ठेकेदाराकडे जागा होती, तिचीच चिठ्ठी त्यानं फाडून दिली. नानाजीनं घेतली नाही. कारकुनानं नावापुढं लिहिलं, "काम नाकारले." आता त्या कचेरीतून त्याला दुसरं काम मिळत नाही. चौघांचं तसंच झालं. उरलेल्या पंचवीस जणांचीही नावं त्याच पानावर आहेत.

हे सगळं त्यानं मला चहा पीत, अगदी हळू आवाजात सांगितलं. मग म्हणाला, "बाई, त्याच्यावर माह्या बापाचंही नाव हाये. चिंधू. मायी माय म्हने तो जन्मभर हेच करत मेला, मले करू दिलं नाई. मले शाळेत बसवाले त्यानं पाटलाचा मार खाल्ला. अन् आता त्याचं नाव लिहून त्याच्या समोर तेच लिहिलं."

मला त्याच्याकडे बघवेना. मी कप धुवायच्या निमित्तानं आत गेले.

प्रशिक्षण झालंच नव्हतं, असं ज्या मंडळानं प्रमाणपत्र दिलं त्यानंच लिहून दिलं तर नोंद रद्द होते, असं कारकुनानं त्याला सांगितलं आहे. नानाजी म्हणाला, "तेवढं तुमी गुरुजींले सांगजो." मी म्हटलं, नाही. त्याला सांगण्यात माझे सात महिने गेले. उपदेशानं तू सुधारत नाहीस, हे तीस अडाणी म्हटलेल्या माणसांना महिन्याभरात कळलं होतं. मलाच कळायला वेळ लागला. तू मूर्ख असतास तर मी तुला माफ केलं असतं, अच्युत. तू त्यांचं पाणी प्यालास, बरा झालास, आणि मग बसून शांतपणे तीस खोटी नावं लिहिलीस. मला तुझी किळस येते. बैलाची आली नसती तेवढी येते.

आज सकाळी मी मंडळाच्या अध्यक्षांना रजिस्टर पत्र पाठवलं. सोबत तुझी नोव्हेंबरपासूनची चारही पत्रं जोडली. कोणती हजेरी कुठं धरली ते तू स्वतःच्या अक्षरात, सही करून लिहिलं आहेस. माझ्याजवळ याहून चांगला पुरावा नव्हता. पाण्याबद्दलच्या चार ओळी खोडाव्यात असं क्षणभर वाटलं. खोडल्या नाहीत.

तुझी नोकरी जाईल. कदाचित त्याहूनही वाईट होईल. तुला चार वर्षांचा असल्यापासून मी भरवलं आहे. पोस्टातून घरी येईपर्यंत दोनदा मागं वळले, पत्र परत मागता येईल का म्हणून. त्याला पावती लागते. ती मी पोस्टाच्या दारातच, सोबत आलेल्या नानाजीच्या हातात देऊन टाकली होती, कारण माझा मला भरवसा नव्हता.

इंदिरा